ओकाचे तेराशे, सागाचे शंभर

लाकडी फ्लोअरिंगच्या नमुन्यांबरोबर बहुतेकदा एक आकडा दिलेला असतो. रेड ओक १,२९०, हार्ड मेपल १,४५०, ब्राझीलचं जटोबा २,३०० च्या वर. आकडा जितका मोठा तितकी फळी चांगली, असं गिऱ्हाईक धरून चालतं. पण हा आकडा कुठून आला ते कळलं, की त्याच्यावर किती विसंबायचं तेही कळतं.

त्याचं मूळ पोलादाच्या धंद्यातलं. १९०० साली स्वीडनचे अभियंते योहान ब्रिनेल यांनी धातूचा कणखरपणा मोजायची रीत मांडली. ठरावीक जोराने गोळी दाबायची आणि पडलेल्या खळग्याचा व्यास मोजायचा. ऑस्ट्रियाचे लाकूड-संशोधक गाब्रिएल यांका हीच रीत लाकडासाठी वापरू पाहत होते. पण लाकूड पडलं तंतूंचं. गोळीभोवती ते दबतं, फाटतं, खळग्याची कड स्पष्ट उमटत नाही. मग व्यास मोजायचा कुठून कुठे? १९०६ मध्ये यांकांनी हिशेबच उलटा केला. खळगा ठरवून टाकला आणि जोर मोजला. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी बरोबर अर्धी रुतेपर्यंत दाबायची, त्याला लागेल तो जोर म्हणजे लाकडाचा कणखरपणा. व्यास इतका आडनिडा का, तर अर्ध्या रुतलेल्या गोळीच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ नेमकं १ चौरस सेंटीमीटर भरावं म्हणून. ही युक्ती मला आजही फार देखणी वाटते. अमेरिकेत तो जोर पौंडात मोजतात, म्हणून आकडे हजारांत जातात.

म्हणजे गोळीला विचारलेला प्रश्न एकच आहे: खळगा पडायला किती जोर लागतो? खुर्चीचा पाय, टोकदार टाच, हातातून निसटलेला बत्ता यांचं उत्तर त्यात मिळतं. पावसाळ्यात फळी किती फुगेल आणि उन्हाळ्यात किती फट पडेल, हे त्या गोळीला ठाऊकच नाही. आपला सागवान या मोजणीत हजार-अकराशेच्या आसपास, ओकाच्या खाली बसतो. पण ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत रेड ओकची फळी रुंदीत साडेआठ टक्क्यांपर्यंत आक्रसते, मेपलची जवळपास दहा टक्के, तर सागाची साडेपाचच्या आसपास. शिवाय सागातल्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी त्याच्या सहसा वाटेला जात नाही.

योगायोग असा, की डेहराडूनची वनसंशोधन संस्थाही १९०६ चीच. तिथे भारतीय लाकडं तपासताना सागाला १०० धरून बाकीच्यांना त्याच्याशी ताडून पाहायची पद्धत रुजली. व्ही. डी. लिमये यांनी १९५४ साली केलेली भारतीय लाकडांची वर्गवारी याच परंपरेतली. त्यात कणखरपणा हा अनेक रकान्यांतला एक. वजन, ताठपणा, धक्का सोसणं यांच्यासोबत आकार टिकवण्याचाही वेगळा रकाना. सह्याद्रीतला ऐन कणखरपणात सागाच्या पुढे जातो, पण आकार टिकवण्यात मागे पडतो.

मुंबई-कोकणातल्या घरासाठी फळी निवडताना मी हाच रकाना आधी बघेन, गोळीचा आकडा मागाहून. आणि ओकच मनात भरला असेल, तर अखंड फळीऐवजी इंजिनिअर्ड वुड घेईन. त्यात खालचे थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे वरच्या ओकाला मोकळेपणी फुगायला वाव राहत नाही.