सस्पेन्स खात्यातला माणूस

बँकेत एक खातं असं असतं, की ज्याला खातेदारच नसतो. त्याला सस्पेन्स खातं म्हणतात. नावावरून एखाद्या रहस्यकथेची आठवण होते, पण आत तसलं काही नसतं. पैसे आलेत, पण कुणाचे ते कळत नाही. किंवा पैसे गेलेत, पण का गेले ते सांगवत नाही, अशी अडचणीची नोंद तात्पुरती तिथे नेऊन टाकायची. 'तात्पुरती' हा शब्द आमच्या धंद्यात फार ताणला जातो. काही नोंदी तीन-तीन मॅनेजरांच्या बदल्या बघतात आणि तरीही तात्पुरत्याच राहतात. मात्र नियम एकच आहे. ज्याची नोंद, त्याच्या खात्यावर ती आज ना उद्या गेलीच पाहिजे. त्याशिवाय पुस्तक जुळत नाही.

बी.कॉम. झालेल्या माणसाने अंतराळावर बोलू नये हे मला मान्य आहे. पण सोव्हिएत अंतराळमोहिमांचा इतिहास मी समोर पाहिला तेव्हा मला रॉकेट कमी आणि हे खातंच जास्त दिसलं, त्याला माझा इलाज नाही.

हा योग २०१६ च्या जानेवारीत आला. मेहुणा लंडनला असतो, म्हणून आम्ही लंडनला गेलो होतो. एरवी आमची धाव गणपतीपुळ्यापर्यंत. तिथल्या सायन्स म्युझियममध्ये 'कॉस्मोनॉट्स' नावाचं प्रदर्शन भरलं होतं. सप्टेंबर २०१५ ते मार्च २०१६ असं ते चाललं. मेहुणा म्हणाला, "दाजी, शेजारच्या म्युझियममध्ये डायनासोर फुकट आहेत. रॉकेटला मात्र तिकीट आहे." मी पौंडाला शंभराने गुणलं. लंडनमध्ये पहिला आठवडा मी दुसरं काही केलंच नव्हतं. पण डायनासोरशी माझं लहानपणी काही नातं नव्हतं आणि रशियाशी होतं. आमच्या शाळेच्या वह्यांना गुळगुळीत रशियन मासिकांची कव्हरं असायची. १९८४ साली राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून वर गेले, तेव्हा भूगोलाच्या वहीचं कव्हर बदलून मी त्यांचा फोटो लावला होता. म्हटलं, एवढ्या उधारीवर एक तिकीट काढायला हरकत नाही.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे स्पुटनिक किती लहान होता! ५८ सेंटिमीटर व्यासाचा गोळा आणि त्याला चार काड्या. वजन ८३.६ किलो. आमच्या शाखेतले हेडकॅशियर याच्यापेक्षा थोडे जास्तच भरतील. ४ ऑक्टोबर १९५७ ला हा गोळा वर गेला, 'बीप-बीप' करत पृथ्वीभोवती फिरू लागला आणि अमेरिकेची झोप उडाली. बीप-बीपमध्ये घाबरण्यासारखं काही नव्हतं. घाबरण्यासारखं होतं ते त्याला वर नेणारं रॉकेट. ते मुळात अणुबाँब वाहून नेण्यासाठी बांधलं होतं.

महिना उलटायच्या आत लायका गेली. ३ नोव्हेंबर १९५७. मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री. कुत्र्यांसाठी शिवलेला पोशाख बघून सौ. खुश झाली आणि मग पाटी वाचून गप्प झाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "अहो, तिला परत आणायची सोयच नव्हती का हो?"

नव्हती. ती कित्येक दिवस सुखात होती असं त्या वेळी जगाला सांगितलं गेलं. प्रत्यक्षात यानातली उष्णता वाढली आणि ती काही तासांतच गेली. ही नोंद जगासमोर आली २००२ साली. म्हणजे पंचेचाळीस वर्षं लायका सस्पेन्स खात्यात होती.

इथून पुढे मला तोच नाद लागला. सौ. यंत्रं बघत होती आणि मी तारखा जुळवत होतो.

युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी १०८ मिनिटांत पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आला. देवळाला प्रदक्षिणा घालायची तरी आमच्याकडे याहून जास्त वेळ रांगेत उभं राहावं लागतं. पण तो यानात बसून जमिनीवर उतरलाच नाही. सुमारे सात किलोमीटर उंचीवर त्याला यानातून बाहेर फेकलं गेलं आणि तो पॅराशूटने वेगळा उतरला. विक्रमांची नोंद करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम होता, की वैमानिकाने यानासकट उतरलं पाहिजे. म्हणून सोव्हिएत सरकारने दहा वर्षं, १९७१ पर्यंत, ही गोष्ट सांगितलीच नाही. नियमात बसत नसेल तर व्हाउचरवर तपशील मोघम लिहावा, ही पद्धत केवळ आपल्याकडची नाही हे वाचून मला बरं वाटलं.

गागारिनच्याच तुकडीतला व्हॅलेंतिन बोंदारेन्को त्याच्या उड्डाणाच्या तीनच आठवडे आधी, सरावाच्या बंद खोलीत लागलेल्या आगीत भाजून गेला. वय चोवीस. त्याचं नाव त्याच्या देशाने छापलं १९८६ साली.

मग आलं तेरेश्कोवाचं यान. व्होस्तोक-६. जून १९६३ मध्ये अठ्ठेचाळीस प्रदक्षिणा घालून आलेला तो गोळा बाहेरून असा करपलेला, की गॅसवर विसरलेलं पातेलं आठवावं. व्हॅलेंतिना तेरेश्कोवा कापडगिरणीत काम करणारी मुलगी. फावल्या वेळात पॅराशूटच्या उड्या मारायची. आईला तिने सांगितलं होतं, की उड्यांच्या कामासाठी चाललेय. आईला खरं कळलं ते सगळ्या जगाबरोबर. सौ. म्हणाली, "आमच्या आईने तर नंतर घरात घेतलं नसतं." वर गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की यानाची दिशा चुकीची बसवली आहे, खाली आणण्याऐवजी ते आणखी वर जाईल. तिने खाली कळवलं, दुरुस्ती झाली, आणि खालून एक विनंती आली: हे कुणाला सांगू नकोस. तिने कित्येक दशकं शब्द पाळला.

पलीकडे व्होसखोद-१ होतं. एका माणसासाठी आखलेल्या यानाच्या नमुन्यातच फेरफार करून ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यातून तिघांना पाठवलं. जागा पुरेना, म्हणून त्यांना अंतराळपोशाखच दिले नाहीत आणि बाहेर फेकणारी आसनंही काढून टाकली. शेअर रिक्षात चौथी सीट घेताना आमचा रिक्षावाला निदान "जरा सरकून बसा" एवढं तरी म्हणतो. तिघं सुखरूप आले; पण ते वर गेले तेव्हा देशाचे प्रमुख ख्रुश्चोव्ह होते आणि उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी ख्रुश्चोव्हच खाली आले होते.

एका दालनात चंद्रावर उतरण्याचं रशियन यान उभं होतं. उंच, किडक्या पायांचं, एकाच माणसापुरतं. त्याला नेणारं एन-१ हे रॉकेट १९६९ ते १९७२ या काळात चार वेळा उडवलं आणि चारही वेळा फुटलं. मग सरकारने सांगितलं, की आम्ही माणसाला चंद्रावर पाठवायच्या शर्यतीत कधी नव्हतोच! यान मात्र मॉस्कोत लपवून ठेवलेलं होतं. १९८९ साली ते तिथे अमेरिकी प्राध्यापकांना दाखवण्यात आलं आणि मग कबुली आली. वीस वर्षांनी.

पण सगळ्यांत मोठी नोंद एका माणसाची होती. स्पुटनिक, लायका, गागारिन, तेरेश्कोवा या सगळ्यांमागे एकच इंजिनियर होता. वर्तमानपत्रांत त्याचा उल्लेख फक्त 'मुख्य रचनाकार' असा व्हायचा. तो स्वतः 'प्रावदा'त लेख लिहायचा तेसुद्धा 'प्रोफेसर के. सर्गेयेव' या टोपणनावाने. गागारिन देशोदेशी हार घालून घेत हिंडला, १९६१ च्या अखेरीस आपल्या मुंबईतही येऊन गेला. ज्याने त्याला वर पाठवलं, त्याचं नाव मात्र मुंबईत सोडाच, मॉस्कोत रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही माहीत नव्हतं.

त्याचं नाव सर्गेई कोरोल्योव. १९३८ साली, स्टालिनच्या काळात, घातपाताचा खोटा आरोप ठेवून त्याला पकडलं आणि सैबेरियाच्या पार टोकाला, कोलिमाच्या सोन्याच्या खाणीवर पाठवलं. तिथे थंडीने, उपासमारीने त्याचे दात पडले. पुढे कैदेतच त्याला विमानांच्या कामाला लावलं, १९४४ साली सोडलं, आणि तो निर्दोष होता हे कोर्टाने म्हटलं १९५७ साली. त्याच वर्षी त्याने स्पुटनिक उडवला. इतका उशीर झाल्यावर माझ्यासारख्याने निदान थकबाकीचा अर्ज तरी केला असता. त्याने देशाला उपग्रह दिला.

प्रदर्शनात त्याचा एक ॲल्युमिनियमचा मग होता. तुरुंगछावणीतला. पोचे आलेला, आपल्याकडे न्हाणीघरात असतो तसला. त्यावर त्याचं आडनाव कोरलेलं होतं. मी त्या मगासमोर बराच वेळ उभा राहिलो. मेहुणा म्हणाला, "दाजी, पुढे मीर स्थानकातला संडास आहे, तो बघायला गर्दी आहे." मी म्हटलं, तू हो पुढे.

लाखो रुपयांच्या नोंदींवर रोज सह्यांची आद्याक्षरं ओढणारा माणूस मी. ती कुणाची, हे ऑडिटरखेरीज कुणी विचारत नाही, आणि ऑडिटर विचारतो तेव्हा चौकशी प्रेमाची नसते. त्यामुळे निनावी कामाचं मला विशेष वाटत नाही. पण ज्या राज्याने कैदी म्हणून या माणसाचं नाव बरोबर लिहून ठेवलं, त्याच राज्याला कर्ता म्हणून ते लिहिता येईना, हे मात्र घशाखाली उतरेना. शत्रू त्याला मारील म्हणून नाव लपवलं, असं कारण सांगत. असेलही. पण रॉकेट फुटलं की नावं लपवायची आणि उडालं तरीही लपवायची, म्हणजे श्रेय कुणाच्या खात्यात जायचं? ते आपोआप सरकारच्या खात्यात जमा होत होतं, तेही व्याजासकट.

१४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेत कोरोल्योव गेला. वय एकोणसाठ. दोन दिवसांनी 'प्रावदा'त त्याचा फोटो आणि मृत्युलेख छापून आला. आपल्याला अंतराळात कुणी नेलं हे त्या देशातल्या लोकांना असं कळलं. खातं उघडलं, पण खातेदार गेल्यावर. त्याच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या. पुढे १९९६ साली मॉस्कोजवळच्या एका अख्ख्या शहराला त्याचं नाव दिलं. आता तिथल्या प्रत्येक पत्राच्या पत्त्यावर ते लिहावंच लागतं. टपालखात्याला टोपणनाव चालत नाही.