बग्गीत अजून कोण होतं?

माटुंगा रोड स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की सेनापती बापट मार्ग लागतो. लोअर परळकडून माहीमपर्यंत हा रस्ता वेस्टर्न लाइनच्या कडेकडेने जातो. माझं ऑफिस याच रस्त्यावर. त्यामुळे दिवसातून दोनदा हा रस्ता आणि दोनदा प्लॅटफॉर्मवरची ती घोषणा: बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. आपल्यापैकी बहुतेकांना ती आता ऐकूही येत नाही.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी याच लाइनवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. त्यातला एक माटुंगा रोड आणि माहीमच्या मध्ये, म्हणजे या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. १८० हून जास्त माणसं गेली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ते सगळे निकाल रद्द केले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हा 'कोणी केलं' यावर मी काही लिहिणार नाही. मला छळणारा प्रश्न जुना आहे. डब्यात बॉम्ब ठेवणाऱ्याला त्या डब्यातल्या एकाही माणसाचं नाव माहीत नसतं. पण बॉम्ब ज्यांनी पहिल्यांदा राजकारणात आणला, त्यांना आपल्या सावजाचं नाव, त्याचा रस्ता, त्याच्या बग्गीचा रंगसुद्धा पाठ असायचा. मग नावापासून डब्यापर्यंत आपण पोचलो कसे?

आणि हा प्रश्न या रस्त्यावरच का पडावा, यालाही कारण आहे. ते पुढे येईल.

आधी एक गंमत. 'टेररिस्ट' हा शब्द जन्मला तेव्हा तो सरकारसाठी होता. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३-९४ मध्ये सत्तेवर बसून गिलोटिन चालवणाऱ्यांना तो लावला गेला. सरकारविरोधी छोट्या गटांना तो चिकटला नंतर, आणि ती गोष्ट सुरू होते रशियात.

१८७४ च्या उन्हाळ्यात हजारो रशियन विद्यार्थी खेड्यांत गेले. शेतकऱ्यांसारखे कपडे घालून, त्यांना क्रांती समजावून सांगायला. शेतकऱ्यांना त्यातलं फारसं काही कळलं नाही, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांनीच या पोरांना पोलिसांच्या ताब्यात दिलं. मग धरपकड, तुरुंग, मोठमोठे खटले. १८७८ मध्ये व्हेरा झासुलिच नावाच्या तरुणीने पीटर्सबर्गच्या गव्हर्नरवर गोळी झाडली, कारण त्याने एका राजकीय कैद्याला फटके मारायला लावले होते. गव्हर्नर वाचला. ज्यूरीने झासुलिचला चक्क निर्दोष सोडलं आणि बाहेर जमलेल्या गर्दीने जल्लोष केला. लोक खेड्यात ऐकत नाहीत, पण गोळीचा आवाज मात्र देशभर ऐकू जातो, हे त्या पिढीने तेव्हा ओळखलं. तार आणि वर्तमानपत्रं होतीच.

१८७९ मध्ये 'नरोद्नाया वोल्या' ही संघटना निघाली. 'वोल्या' म्हणजे इच्छा आणि स्वातंत्र्य, दोन्ही. तिच्या कार्यकारी समितीत मोजकी काही डझन माणसं. ध्येय एकच: झार दुसरा अलेक्झांडर. त्यांनी पिस्तूल सोडून डायनामाइट निवडलं. आल्फ्रेड नोबेलने त्याचं पेटंट १८६७ मध्ये घेतलं होतं, खाणी आणि बोगद्यांसाठी. माझ्या मते सगळी गोम या निवडीत आहे. पिस्तुलाची गोळी एका माणसाकडे जाते. बॉम्बला वर्तुळ असतं.

ते वर्तुळ लगेचच दिसलं. स्तेपान खाल्तूरिन नावाचा सुतार झारच्या विंटर पॅलेसमध्ये कामाला लागला. तळघरात झोपायचा आणि रोज थोडं थोडं डायनामाइट आत आणून साठवायचा. त्या वाफेने त्याचं डोकं ठणकायचं. फेब्रुवारी १८८० मध्ये त्याने वात पेटवली. झार त्या रात्री जेवायला उशिरा आला, वाचला. पण तळघर आणि जेवणघर यांच्या मधल्या मजल्यावर पहारेकऱ्यांची खोली होती. अकरा सैनिक मेले. ज्या शेतकऱ्यांसाठी हे सगळं चाललं होतं, त्यांचीच ही मुलं. संघटनेने पत्रक काढून सैनिकांबद्दल दुःख व्यक्त केलं, आणि सैन्य झारच्या बाजूने उभं आहे तोवर असं होणारच, हेही त्याच पत्रकात सांगितलं. पुढच्या दीडशे वर्षांतली कितीतरी पत्रकं मला याच दोन वाक्यांची नक्कल वाटतात.

१३ मार्च १८८१ ला (रशियाच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे १ मार्च) झारची बग्गी कालव्याच्या कडेने चालली होती. सोफिया पेरोव्स्कायाने रुमालाने खूण केली. पहिला बॉम्ब रिसाकोव्हने फेकला. बग्गी दणकट होती, झारला काही झालं नाही, पण एक कोसॅक स्वार आणि रस्त्याने जाणारा एक चौदा वर्षांचा पोऱ्या प्राणांतिक जखमी झाले. झार जखमींना बघायला खाली उतरला. तेवढ्यात दुसरा बॉम्ब पडला. त्यात झारही गेला आणि तो फेकणारा ग्रिनेवित्स्कीही.

महिनाभरात पाच जणांना फाशी झाली. त्यांच्यातला बॉम्ब बनवणारा निकोलाय किबाल्चिच शेवटचे दिवस कोठडीत काय करत होता? रॉकेटच्या जोरावर उडणाऱ्या यानाचा आराखडा काढत होता. चंद्रावरच्या एका विवराला आज त्याचं नाव आहे. मला हा माणूस कळत नाही, आणि कळल्याचा आव आणावासाही वाटत नाही.

पदरात काय पडलं? ज्या दिवशी झार मारला गेला, त्याच सकाळी त्याने लोकप्रतिनिधींना सल्लामसलतीत घेण्याच्या एका योजनेला मान्यता दिली होती. त्याच्या मुलाने ती गुंडाळून ठेवली. गुप्त पोलीस वाढले. दक्षिणेकडे ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले.

त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड गोळीबारात जखमी होऊन गेले, तेव्हा नरोद्नाया वोल्याने चक्क निषेध केला! जिथे लोकांना आपलं म्हणणं शांततेने मांडता येतं, तिथे राजकीय खून हीसुद्धा जुलूमशाहीच आहे, असा त्यांचा मुद्दा. पटो न पटो, त्यांच्या डोक्यात एक रेघ होती. पुढची गोष्ट ती रेघ पुसली जाण्याची आहे.

ती ठळकपणे पुसली गेली पॅरिसमध्ये. १२ फेब्रुवारी १८९४ ला एमिल आंरी या एकवीस वर्षांच्या अराज्यवादी तरुणाने सँ-लझार स्टेशनजवळच्या कॅफे तेर्मिनूसमध्ये बॉम्ब फेकला. तिथे ना राजा, ना मंत्री. संध्याकाळी बिअर पीत संगीत ऐकणारी साधी माणसं. वीसेक जखमी झाली, त्यातला एक पुढे मेला. कोर्टात आंरीने सांगितलं की या वर्गात निरपराध कोणी नाहीच. त्याला त्या कॅफेत एकही नाव नको होतं. नुसती गर्दी हवी होती.

रशियात मात्र वाद अजून संपला नव्हता. फेब्रुवारी १९०५ मध्ये मॉस्कोत इव्हान काल्यायेव्ह ग्रँड ड्यूक सेर्गेईच्या बग्गीसमोर बॉम्ब घेऊन धावला आणि थांबला. आत ड्यूकची बायको होती आणि दोन लहान पुतणे-पुतणी. तो बॉम्ब तसाच घेऊन परत आला, आणि साथीदारांनीही त्याचं बरोबर म्हटलं. (त्या बग्गीतला मुलगा दिमित्री मोठेपणी रासपुतिनच्या खुनात सामील झाला. इतिहासाला असले विनोद फार आवडतात.) दोन दिवसांनी ड्यूक एकटा निघाला तेव्हा काल्यायेव्हने त्याला ठार केलं. अल्बेर काम्यूने १९४९ मध्ये या प्रसंगावर नाटक लिहिलं, आणि काल्यायेव्ह 'विवेकी मारेकरी' म्हणून जगभर माहीत झाला.

पण ड्यूक एकटा नव्हता. पुढे गाडीवान बसला होता. तोही त्या जखमांनी गेला. मुलांसाठी थांबलेला हात गाडीवानासाठी थांबला नाही, आणि शंभर वर्षं या प्रसंगावर तत्त्वज्ञान लिहिणाऱ्या फार थोड्यांना तो आठवतो. आपण ज्याला विवेक म्हणतो त्यातही कोण मोजायचं आणि कोण नाही, हे आधीच ठरलेलं असतं.

दीड वर्षात उरलासुरला विवेकही संपला. ऑगस्ट १९०६ मध्ये पंतप्रधान स्तोलीपिनच्या घरी, भेटीला आलेल्यांची रांग लागलेली असताना, तिघांनी स्वतःसकट घर उडवलं. पंचवीसहून जास्त माणसं मेली, स्तोलीपिनची मुलगी जबर जखमी झाली, तो स्वतः ठणठणीत. सरकारने उत्तरादाखल झटपट लष्करी न्यायालयं काढली आणि हजाराहून जास्त लोकांना फासावर चढवलं. फासाला लोक 'स्तोलीपिनचा टाय' म्हणू लागले. आणि काल्यायेव्हच्या संघटनेचा म्होरक्या आझेफ मुळात पोलिसांचा पगारी खबऱ्या होता, हे १९०८-०९ मध्ये उघड झालं.

इथे आपण येतो, पुन्हा पॅरिसमार्गे. १९०७ मध्ये त्या शहरात दोन हिंदुस्थानी तरुण रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या शिकत होते. एक मेदिनीपूरचे हेमचंद्र कानुनगो, घरची मालमत्ता विकून आलेले. दुसरे पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेलेले, सरकारविरोधी भाषणामुळे शिष्यवृत्ती गमावलेले. हेच या रस्त्याचे सेनापती बापट. एका रशियन पुस्तिकेचं इंग्रजी भाषांतर त्यांच्या हाती आलं. तिची एक प्रत पुढे कलकत्त्याच्या माणिकतला बागेत सापडली, आणि नाशिकला गणेश सावरकरांच्या घराच्या झडतीत दुसरी, पंचेचाळीस आकृत्यांसह.

माझी तुलना कुठवर जाते ते इथेच सांगून टाकते. परक्या सत्तेच्या छातीवर चाल करून जाणारी ही पोरं आणि लोकलमध्ये बॉम्ब ठेवणारे हात मी एका तराजूत टाकत नाही. झारला किंवा इंग्रजांना मतपेटीतून हटवण्याची सोय नव्हती. पण बॉम्बचं वर्तुळ हातातली बाजू बघून लहानमोठं होत नाही.

हेमचंद्र १९०८ च्या सुरुवातीला परतले. लक्ष्य होता कलकत्त्याचा मॅजिस्ट्रेट किंग्सफर्ड, राष्ट्रवादी पोरांना फटक्यांच्या शिक्षा देणारा. आधी त्याला कायद्याच्या एका जाडजूड पुस्तकात पोकळी करून, कॅडबरी कोकोच्या डब्यातला बॉम्ब पाठवला गेला. त्याने ते पुस्तक उघडलंच नाही, नुसतं ठेवून दिलं. मग त्याची बदली मुझफ्फरपूरला झाली. ३० एप्रिल १९०८ च्या रात्री खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी तिथल्या क्लबबाहेर दबा धरून बसले. किंग्सफर्डच्या बग्गीसारखी बग्गी आली, बॉम्ब पडला. आत बॅरिस्टर केनेडींची पत्नी आणि मुलगी होत्या. दोघी गेल्या. चाकीने पकडलं जाताना स्वतःवर गोळी झाडली. अठरा वर्षांच्या खुदीरामला ११ ऑगस्टला फाशी झाली.

अंधारात दोन बग्ग्या सारख्या दिसल्या. काल्यायेव्हला आतले चेहरे दिसले होते, यांना दिसले नाहीत. मला खुदीरामचा राग येत नाही. इतक्या कोवळ्या वयात तो ज्या धीराने गेला त्यापुढे मान झुकते. आणि केनेडींच्या घरी त्या रात्री कोणी काय बोललं असेल, हेही मनातून जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवायला आपल्याला शाळेत कोणी शिकवलं नाही.

टिळकांनी 'केसरी'त 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे अग्रलेख लिहिले. दडपशाही वाढली की बॉम्ब येतात, हा त्यांचा रोख. त्यांना सहा वर्षांची मंडालेची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी मुंबई सहा दिवस बंद ठेवली. सरकारने त्याच जूनमध्ये स्फोटक पदार्थांचा कायदा केला. आजही स्फोटांच्या खटल्यांत तोच १९०८ चा कायदा लावला जातो.

पुढचं सगळं तुम्हाला तुकड्यातुकड्यांत माहीत आहे. जेरुसलेमचं किंग डेव्हिड हॉटेल, १९४६, ९१ मृत. बॉम्ब ठेवणाऱ्या संघटनेचा प्रमुख बेगिन नंतर पंतप्रधान झाला आणि शांततेचं नोबेलही घेऊन गेला. अल्जीयर्समध्ये १९५६ साली वस्तीतल्या स्फोटाला आइस्क्रीम पार्लरमधल्या बॉम्बने उत्तर. म्युनिक १९७२, टीव्हीसमोर. एअर इंडियाचं कनिष्क १९८५, ३२९ माणसं. दरवेळी कारण वेगळं, झेंडा वेगळा, आणि बग्गीतल्या माणसाचं नाव विचारणारा कमी कमी होत गेलेला.

हेमचंद्र जन्मठेपेवर अंदमानला गेले आणि १९२१ मध्ये सुटले. नंतर त्यांनी आपल्याच गटाच्या चुका, आपसातली भांडणं, पोकळ फुशारकी यांवर एक रोखठोक बंगाली पुस्तक लिहिलं. तोवर काही वर्षं भूमिगत राहिलेले बापट मुळशीला होते, धरणात जमिनी जाणाऱ्या मावळ्यांबरोबर सत्याग्रहात. 'सेनापती' ही पदवी त्यांना तिथेच मिळाली, पॅरिसमुळे नाही. रस्त्याच्या पाटीवर तीच आहे.