दाता गाडी की सुटे भाग? घरी बांधलेल्या मोटारींचा इतिहास

१/
स्वतःच्या हाताने मोटार बांधू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा : एक जुनी गाडी सबंध विकत घेऊन तिचे अवयव काढावेत, की लागेल तो भाग सुटा आणावा? ब्रिटनमध्ये या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीत बदलले. ते बदलण्यात कौशल्याइतकाच सरकारी कायद्याचाही हात होता.

२/
आरंभ ऑस्टिन सेव्हनपासून. १९२२ ते १९३९ या काळात सुमारे २ लाख ९० हजार गाड्या बनल्या. इंजिन अवघे ७४७ सीसी. सांगाडा वेगळा, त्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी. बॉडी उतरवली की चालता सांगाडा हाती येई. जणू दाता होण्यासाठीच जन्मलेली गाडी!

३/
अशा जुन्या सेव्हनवर हलकी बॉडी चढवून बनवलेल्या गाडीला तिकडे ‘स्पेशल’ म्हणत. १९४८ साली लंडनमधील स्थापत्य अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने अशीच स्पेशल बांधली. त्याचे नाव कॉलिन चॅपमन. तीच पुढे लोटसची पहिली गाडी म्हणून ओळखली गेली.

४/
आता कराकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटनमध्ये खरेदी कर लागू झाला. युद्ध संपले, कर राहिला. १९५१ मध्ये मोटारींवर तो घाऊक किमतीच्या दोनतृतीयांश झाला, पुढे १९५५ मध्ये ६० टक्के. नवी स्पोर्ट्स कार सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेली.

५/
मात्र या कायद्यात एक फट होती. कर पूर्ण गाडीवर होता. सुट्या भागांचा संच घेऊन मालकाने ती स्वतः जोडली, तर नव्हता. चॅपमनने ही फट अचूक हेरली.

६/
१९५७ मध्ये लोटस सेव्हन आली. तयार गाडी करासह १,०३६ पौंड. सुट्या भागांत ५३६ पौंड. चार शनिवार-रविवार हात काळे करण्याची तयारी असेल, तर ५०० पौंड वाचत! येथे सुट्या भागांनी दाता गाडीवर मात केली.

७/
यावरून एक किस्सा आजही सांगितला जातो. करमुक्त संचासोबत जोडणीच्या सूचना देण्यास मनाई होती. म्हणून लोटसने म्हणे गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या. ग्राहकाने त्या शेवटून वाचायच्या!

८/
१ एप्रिल १९७३ रोजी खरेदी कर गेला, मूल्यवर्धित कर आला आणि ती फट बुजली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क लोटसकडून केटरहॅमकडे गेले. करबचतीचा आधार सुटल्यावर नव्या भागांचा संच पुन्हा महाग वाटू लागला.

९/
१९९६ साली रॉन चॅम्पियन यांचे पुस्तक आले. शीर्षकातच दावा : अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार. चौकोनी पोलादी नळ्यांचा सांगाडा घरी जोडायचा, बाकी सारे एका जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून घ्यायचे. या गाड्यांना ‘लोकॉस्ट’ हे नाव पडले. दाता गाडी परतली.

१०/
सबंध गाडीच का? इंजिन, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, मागचा ॲक्सल हे सारे एकमेकांशी जुळलेले मिळते. शिवाय पेडल, हँडब्रेकची केबल, वायरिंग, मीटर, ब्रॅकेट. सुटे घेताना इंजिनाचा हिशेब सगळेच मांडतात. खिसा रिकामा होतो तो या किरकोळ वस्तूंनी. उरलेले भाग विकून काही पैसे परतही येतात.

११/
दुसरी बाजूही खरी. दाता गाडी म्हातारी असते : झिजलेले बेअरिंग, गंजलेले ब्रेकचे पाइप, अंगणात महिनोन्‌महिने पडलेले धूड. सुटा नवा भाग महाग, पण त्याच्या प्रकृतीविषयी शंका नसते.

१२/
मग पुन्हा कायदा आला. १९८३ पासून, ज्या गाडीचे वय वा मूळ सिद्ध होत नाही तिला ‘क्यू’ अक्षराचा क्रमांक मिळू लागला. १९९८ पासून घरी बांधलेल्या गाड्यांना तपासणी सक्तीची झाली. धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरे. आणि ते वय सिद्ध करायला कागद लागत.

१३/
म्हणजे दाता गाडीसोबत केवळ लोखंड येत नव्हते, वंशावळही येत होती. चार ठिकाणच्या भंगारातून जमवलेले भाग कदाचित स्वस्त पडत; पण कागद नसले की गाडी अनाथ ठरे.

१४/
शेवट थोडा विषादाचा. १९८० साली नवी एस्कॉर्ट पुढच्या चाकांवर चालणारी झाली. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या एस्कॉर्ट घटत गेल्या. बांधणारे फोर्ड सिएरा आणि माझदा एमएक्स-५कडे वळले. ज्या एस्कॉर्ट काल कवडीमोलाने कापल्या गेल्या, त्यांच्यासाठी आज संग्राहक मोठी रक्कम मोजतात.

१५/
प्रत्येक घरगुती मोटारीमागे अशी एक गाडी असते, जिचे नाव कोणी घेत नाही. दाता घ्यावा की सुटे भाग, याचा हिशेब पैशांत जरूर मांडावा. पण जी गाडी आपण कापणार, ती उद्या दुर्मीळ होणार नाही ना, एवढे एकदा पाहावे.