काठावरचं रोप, काठावरचा माणूस

'यंदा पीक किती आणे?' हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांच्या रोजच्या बोलण्यातला. सोळा आणे म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे निम्मं. सरकारी अंदाजही बांधावर उभं राहून नजरेनंच बांधला जायचा. मग नजर कुणाची, यावर सगळं आलं. 1918 चा खेडा सत्याग्रह याच भांडणातून पेटला. पीक चार आण्यांच्या खाली गेलं तर सारा तहकूब, असा नियम होता. शेतकरी म्हणत खाली आहे, अधिकारी म्हणत वर आहे. आणे गेले, पैसे आले, आणेवारीची पैसेवारी झाली. गावाची पैसेवारी 50 च्या खाली की वर, ही बातमी महाराष्ट्रात आजही लोक धास्तीनं वाचतात.

नजरेऐवजी दुसरं काही वापरता येईल का, या प्रश्नावर आयुष्यातली कित्येक वर्षं घालवलेला माणूस सातारा जिल्ह्यातल्या बुधचा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911. खटाव तालुका पर्जन्यछायेतला, त्यामुळे 'पीक किती आलं' हा तिथे पुस्तकी प्रश्न नव्हे. फर्ग्युसनमधून गणित करून ते लंडनला गेले आणि 1936 मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजची डॉक्टरेट मिळवली. नेमन, पिअर्सन, फिशर ही संख्याशास्त्रातली मोठी नावं तेव्हा तिथेच होती. परत आल्यावर दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत (तेव्हा तिच्या नावात 'इम्पीरियल' होतं) त्यांनी पीक मोजायचं काम हाती घेतलं. 1943 च्या बंगालच्या दुष्काळानं धान्याचे आकडे किती कच्चे आहेत, हे तोवर सगळ्यांना दाखवलं होतं.

रीत ऐकायला सोपी आहे. गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, गावातली शेतंही तशीच. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून एका यादृच्छिक आकड्याइतकी पावलं लांबीत आणि दुसऱ्या यादृच्छिक आकड्याइतकी रुंदीत चालायचं. जिथे पोचाल तिथे तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, तोलायचा. 'इथलं पीक बरं दिसतंय, इथेच कापू' किंवा 'पाटलांचं शेत नको' असं म्हणायची सोय नाही. निवड माणसाच्या हातातून काढून घेणं हा या पद्धतीचा गाभा. आपण त्याला पीक कापणी प्रयोग म्हणतो.

वाद झाला तो तुकडा केवढा असावा यावर. आणि समोर होते प्रशांतचंद्र महालनोबिस, भारतीय संख्याशास्त्राचे सर्वेसर्वा. त्यांचं म्हणणं, छोटी वर्तुळं कापा. काम स्वस्त होतं, त्याच पैशात जास्त ठिकाणं होतात. सुखात्म्यांनी 1946 मध्ये 'नेचर' नियतकालिकात लिहिलं की छोटा तुकडा पीक फुगवून दाखवतो. कारण इतकं साधं आहे की हसू येतं: काठावरची रोपं. रेषेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. आता हिशेब करून बघा. 2 फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा काठ साडेबारा फूट आणि क्षेत्रफळही साडेबारा चौरस फूट, म्हणजे प्रत्येक चौरस फुटाला एक फूट काठ. एक गुंठा, म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, घेतला तर काठ 132 फूट आणि क्षेत्रफळ 1089 चौरस फूट. इथे एक फूट काठ आठ चौरस फुटांत विरून जातो. शिवाय ही चूक एकाच दिशेची आहे. हजार वर्तुळं कापली तरी ती एकमेकींना खोडत नाहीत, हजारदा तीच होते. महालनोबिसांना हा धोका दिसत नव्हता असं नाही. पण त्यांचा भरवसा खास शिकवून तयार केलेल्या माणसांवर होता, तर सुखात्म्यांना महसूल आणि शेती खात्याच्या आहे त्याच कर्मचाऱ्यांकडून काम करून घ्यायचं होतं. साध्या माणसाच्या हातून कमीत कमी चुका होतील अशी पद्धत आखणं, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

1951 पासून सुखात्मे रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख. दोनतृतीयांश जग उपाशी आहे, असं तेव्हा सर्रास बोललं जाई. 1961 मध्ये त्यांनी हिशेब मांडला: पोट न भरणारे 10 ते 15 टक्के, निकृष्ट आहारावर जगणारे धरले तर मात्र निम्म्यापर्यंत. 1970 नंतर ते पुण्यात आले आणि आगरकर रस्त्यावरच्या, आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत काम करू लागले.

तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, बीएमसीसी रस्त्यावर, गोखले अर्थशास्त्र संस्था. वि. म. दांडेकर तिचे संचालक. त्यांनी आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दिवसाला माणशी 2250 कॅलरी मिळतील एवढा खर्च ही रेषा. 1960-61 च्या भावाने खेड्यात महिना 15 रुपये, शहरात साडेबावीस. या रेषेखाली खेड्यातली 40 टक्के आणि शहरातली 50 टक्के माणसं निघाली. देश हादरला.

सुखात्मे म्हणाले, रेषा चुकीच्या जागी आहे. 2250 ही सरासरी गरज झाली. सारखंच काम करणाऱ्या धडधाकट माणसांचंही खाणं वेगवेगळं असतं, एकाच माणसाचंही आठवड्यागणिक बदलतं आणि शरीर स्वतःला जुळवून घेतं. म्हणून रेषा सरासरीवर नको, बरीच खाली हवी. तशी ओढली की उपाशी माणसांची संख्या निम्म्याहून कमी होते. शिवाय खाल्लेलं अंगी लागत नाही त्याला घाण पाणी आणि जुलाबही कारण आहेत, तिकडे बघा. दांडेकरांचं उत्तर होतं की 2250 हा एकेका माणसाच्या पोटाचा आकडा नाहीच, तो खर्चाच्या एका गटाचा आहे आणि आम्ही गरिबी मोजतोय. 1981-82 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये हा वाद रंगला. भाषा सभ्य, घाव खोल.

पाण्याबद्दल सुखात्मे बरोबर होते, आजची बालपोषणाची चर्चा तेच सांगते. पण 'जुळवून घेतं' या शब्दात एक खाच आहे. कमी खाणारं शरीर वाढ थांबवूनही जुळवून घेतं. 1982 मध्ये डेव्हिड सेक्लर यांनी ठेंगणी पण निरोगी अशी कल्पना मांडली, तेव्हा पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन तुटून पडले ते याच मुद्द्यावर. छोट्या वर्तुळाच्या काठावरचं एकेक रोप तपासणाऱ्या सुखात्म्यांनी काठावरच्या माणसाला इतक्या सहज रेषेच्या वर घेतलं, हे मला अजून कोडं वाटतं.

रेषा पुढेही हलत राहिली. 2009 मध्ये सुरेश तेंडुलकर समितीनं ती कॅलरीपासून सोडवली. 2014 मध्ये रंगराजन समितीनं कॅलरी परत आणली, सोबत प्रथिनं आणि स्निग्धांशही. दोन्ही रेषा 2011-12 च्या एकाच पाहणीला लावून पाहिल्या गेल्या. तेंडुलकरांच्या रेषेखाली सुमारे 27 कोटी लोक, रंगराजनांच्या रेषेखाली सुमारे 36 कोटी. मधले 9 कोटी त्या वर्षी तेच काम करत होते, तेच जेवत होते.