दोघी बहिणी, एक तबकडी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

उन्हाळा लागला की आमच्या घाटंजीत घरोघरी तुरीची डाळ भरडायला घेत. पिठाची चक्की गावात केव्हाच आली होती, पण डाळीसाठी घरचं जातंच लागे. तेलपाण्याचा हात लावून उन्हात वाळवलेली तूर सुपात असे. जात्याच्या एका बाजूला माझी अम्मा बसे आणि समोर शेजारच्या काकू. खुंटा एकच, त्यावर हात दोघींचे. घरात आमची बोली उर्दूमिश्रित, पण अम्मा जात्यावर बसली की ओवी मराठीच यायची. तिला दुसरी येतच नव्हती म्हणा ना! जातं ओढताना अख्खी ओवी एका दमात म्हणता येत नाही. म्हणून पहिला चरण एकीनं म्हणायचा, तिचा श्वास संपत आला की दुसरीनं तो उचलायचा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात आमच्या अंगणातल्या नाहीत, याची मला अधूनमधून हळहळ वाटते.

पण आज मला बोलायचंय ते एका तबकडीबद्दल.

१९८४ साली मी दहावीत होतो. आमच्या मराठीच्या सरांकडे रेकॉर्ड-प्लेअर होता. गावात असे किती असतील, दोन किंवा तीन. सरांच्या तबकड्या मऊ फडक्यानं पुसून देण्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यात एचएमव्हीची एक लाँग-प्ले होती. वेष्टनावर दोन नावं होती, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे. सरांनी ती लावली. आधी तानपुरा, मग एका बाईचा आवाज. मी आपला ऐकत बसलो. पाच-सात मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, की हा आवाज एकीचा नाही. एक बाई स्वर ठेवून थांबते आणि त्याच जागेवरून दुसरी निघते. सांधा कुठे सापडत नव्हता. राग कोणता, ताल कोणता, हे मला कळण्याचा प्रश्नच नव्हता. पण हा सांधा मी कुठेतरी ऐकलेला आहे, एवढं मात्र कळलं.

जुगलबंदी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कुस्ती उभी राहते. आमच्याकडे आर्णीला बाबा कंबलपोष यांचा उरूस भरतो. कव्वालीचा मुकाबला ऐकलेला माणूस दोन गाणारे समोर आले की कोण हरतं याचीच वाट पाहतो. या दोघी बहिणींच्या गाण्यात हरण्या-जिंकण्याचा मामलाच नाही. त्यांनी ही जुगलबंदी १९६५च्या सुमारास सुरू केली. तेव्हा हिराबाईंनी साठी गाठली होती आणि सरस्वतीबाई बावन्न वर्षांच्या होत्या. म्हणजे ज्या वयात गवय्ये आपली जुनी पुण्याई मोजत बसतात, त्या वयात या दोघींनी नवा घाट घातला. जवळजवळ १९८०पर्यंत, पंधरा वर्षं, त्या देशभर एकत्र गायल्या. डागर बंधूंनी किंवा नजाकत अली-सलामत अलींनी जोडीनं गाणं श्रोत्यांच्या अंगवळणी पाडलं होतं, पण ते पुरुष. ख्यालाच्या मैफलीत दोन स्त्रियांनी शेजारी बसून सारख्या मानानं गाणं ही तेव्हा नवी गोष्ट होती.

पाश्चात्त्य पद्धतीत दोन गायिका एकत्र गातात तेव्हा एकीचा स्वर खाली असतो, दुसरीचा त्याच्या वर, आणि दोन वेगळे स्वर एकाच वेळी मिळून एक रंग तयार होतो. आपल्याकडे तसं नाही. रागाची वाट एकच, आणि त्या वाटेवर दोघींनी आळीपाळीनं चालायचं. एक चालते तेव्हा दुसरी उभी असते, पण रिकामी नसते. पुढचं पाऊल कुठे पडणार हे तिला माहीत असावं लागतं. आणि त्याहून अवघड म्हणजे, आपल्याला सुचलेली जागा दुसरीसाठी सोडून द्यावी लागते. गाणाऱ्या माणसाला हे सोडणं फार जड जातं. कवींनाही जातं, मुशायऱ्यात पाहावं!

दोन स्त्रिया असल्या की एक अडचण आपोआप टळते. बाईची पट्टी साधारण काळी चार-पाच, पुरुषाची काळी एक-दोन. स्त्री आणि पुरुष एकत्र गायला बसले की कुणाचा षड्ज धरायचा इथूनच तडजोड सुरू होते. इथे ती नव्हती. शिवाय किराणा घराण्याचं गाणं या कामाला फार सोयीचं. एकेक स्वर घेऊन त्याच्यापाशी रमायचं, घाई न करता पुढच्या स्वराकडे जायचं. अशा संथ बढतीत दुसरीला शिरायला जागा मिळते. तबला, पेटी आणि तानपुरे, एवढंच साहित्य. तानपुरे म्हटलं की मिरज आलंच. देशभरचे गवय्ये तिथून तानपुरे घेतात. या दोघी बहिणींचा जन्मही मिरजेचाच. हिराबाईंचा १९०५चा, सरस्वतीबाईंचा १९१३चा.

आता तबकडीच्या लांबीबद्दल. जुन्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. हिराबाईंची पहिली कीर्ती अशा रेकॉर्डींवरच पसरली. तेवढ्या वेळात राग दाखवायचा, बंदिश म्हणायची, दोन ताना घ्यायच्या आणि आटोपायचं. त्यात दोघींनी वाटून घ्यायला उरतं काय? लाँग-प्ले आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं हाती लागली. दोघींचं हे सावकाश देणं-घेणं तबकडीवर उतरू शकलं ते त्यामुळे. यंत्रानं कलेला मारलं असं आपण नेहमी ऐकतो, इथे त्यानं जागा करून दिली.

रेकॉर्डचा विषय निघाला की गौहर जान आठवतेच. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात तिचं गाणं पहिल्यांदा मुद्रित झालं. गाणं संपताच ती इंग्रजीत आपलं नाव सांगायची. आपल्याला वाटतं, काय ही ऐट! पण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिराला गाणारी कोण हे कळावं आणि कागदावर बरोबर नाव चिकटवता यावं, म्हणून ती घोषणा. गंमत अशी, की गौहर हे तिचं जन्मनाव नव्हतं. आर्मेनियन वंशाची ती मुलगी जन्मली तेव्हा अँजेलिना होती. आई मुसलमान झाली, मुलगी गौहर झाली, आणि जगानं ऐकलं ते तेच नाव.

हिराबाई-सरस्वतीबाईंच्या नावांची हकीकत मला फार उशिरा कळली. बी.ए.ला यवतमाळला होतो. वाचनालयात एका जुन्या अंकात लेख सापडला. हिराबाईंचं जन्मनाव चंपाकली आणि सरस्वतीबाईंचं सकीना. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने, बडोद्याच्या सरदार घराण्यातली. खाँसाहेब बडोदे दरबारी गवई होते. दोघं बडोदं सोडून निघून आली. पाच मुलं झाली. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि त्यांनी मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, गुलाबची कमलाबाई, चंपाकलीची हिराबाई, आणि धाकट्या सकीनाची सरस्वती. आडनावात 'बडोदेकर' आलं ते आईच्या गावाचं.

माझ्या फुफीचं नाव सकीना. मी त्या अंकावर हात ठेवून किती वेळ बसलो होतो! सुट्टीत गावी आलो तो तडक सरांकडे गेलो. तबकडीच्या वेष्टनावर, दोन छापील नावांच्या खाली, पेन्सिलीनं बारीक अक्षरांत 'चंपाकली' आणि 'सकीना' लिहिलं. सरांनी पाहिलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "हे तू त्यांच्यासाठी लिहिलंस की तुझ्यासाठी?"

त्या प्रश्नानं मला पुष्कळ वर्षं छळलं. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान माणसाला एक वाक्य जन्मभर ऐकावं लागतं : "तुमचं मराठी किती छान आहे हो!" सांगणारा प्रेमानं सांगतो, यात शंका नाही. पण ते ऐकून ऐकून मनात एक हिशेबवही उघडली जाते. आपली माणसं कोण, ती कुठे कुठे होऊन गेली, याच्या नोंदी सुरू होतात. सकीना मला त्या वहीत हवी होती.

पण इतिहास वाचत गेलो तसतशी ती वही तोकडी पडू लागली. नावं बदलणाऱ्या ताराबाईंकडे पाहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई पाच मुलांना घेऊन उभी राहते आणि त्यांना गाण्यात टिकवते. गाणारी बाई म्हणजे कोठीवरची, हे समीकरण तेव्हा पक्कं होतं. हिराबाईंना आरंभीची तालीम मिळाली ती भाऊ सुरेशबाबू आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. १९२१ साली त्या मुंबईत विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयात जाहीरपणे गायल्या. साधं लुगडं, अंगभर पदर, हातवारे नाहीत, खाली बैठक मारून गाणं. तिकीट लावून स्त्रीच्या गाण्याची मैफल करण्याचा पायंडा पडला त्यात त्यांचं नाव सर्वांत पुढे. पुढच्या पिढीतल्या कुलीन म्हणवणाऱ्या घरांतल्या मुली निर्धास्तपणे गायला बसल्या, त्या या रस्त्यावरून चालत आलेल्या. सरस्वतीबाई लहानपणापासून संगीत नाटकांत होत्या, १९३३पासून रेडिओवर, आणि १९४३च्या 'रामराज्य' चित्रपटातलं त्यांचं भीमपलासातलं गाणं घराघरांत पोचलं. हे सगळं त्यांनी हिराबाई आणि सरस्वती या नावांनीच कमावलं. ती नावं म्हणजे मुखवटा होता असं कोणत्या तोंडानं म्हणू? आईनं दिलेलं नावही नावच असतं.

आणि दुसऱ्या बाजूनं, वडील पुसले गेले असंही म्हणता येत नाही. खाँसाहेब १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात एका छोट्या स्टेशनावर वारले आणि मिरजेत ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. घर मोडलं होतं, पण स्वर लावायची किराण्याची रीत मोडली नाही. ती सुरेशबाबूंकडून धाकट्या सरस्वतीबाईंकडे आली. हिराबाईंनीही त्यांना शिकवलं. वेष्टनावर वडिलांचं नाव नसलं तरी सुई टेकली की पहिल्या मिनिटात जाणकाराला घराणं कळतं. तिथे पेन्सिलीची गरज पडत नाही. मी ती अक्षरं खोडरबरानं पुसली. पुरती गेली नाहीत, वेष्टन तिरपं धरलं की अजून दिसतात.

अम्मानं ती तबकडी प्रत्यक्ष कधी ऐकली नाही. तिनं त्या दोघींना ऐकलं ते आमच्या रेडिओवर. शास्त्रीय गाणं लागलं की ती एरवी "बंद कर रे वो" म्हणायची. त्या दिवशी मात्र पोळ्या लाटता लाटता थांबली आणि विचारलं, "ये दोनों बहनें हैं क्या रे?" निवेदकानं नावं सांगितली होती, पण आडनावं वेगळी, बहिणी असल्याचं तो काही बोलला नव्हता. मी तिला विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणाली, "एक का दम टूटने के पैले दूसरी आ जाती." आणि पुन्हा लाटायला लागली.

१९६५ साली हिराबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७०ला पद्मभूषण. १९८९च्या नोव्हेंबरात त्या गेल्या. सरस्वतीबाई त्यांच्यानंतर सतरा वर्षं होत्या. २००६च्या ऑक्टोबरात त्या गेल्या तेव्हा मी बातमी शोधून शोधून वाचली. एका ठिकाणी जन्मनाव होतं, बाकी ठिकाणी नव्हतं. पूर्वी मला याचा राग आला असता.

सरांनी घाटंजी सोडताना ती तबकडी मला दिली. आता माझ्याकडे ती फिरवायला यंत्र नाही, कपाटात उभी ठेवलेली आहे. पण त्या दोघींचं गाणं आता मोबाइलवर सापडतं. मागच्या उन्हाळ्यात मुलगी सुट्टीला आली होती. तिनं एक गोळी स्वतःच्या कानात घातली, एक माझ्या कानात दिली आणि शोधून ते गाणं लावलं. मध्येच विचारलं, "अब्बा, आता कोण गातंय?" चाळीस वर्षांचा ऐकणारा मी, ठासून सांगितलं, सरस्वतीबाई. तिनं मागे नेऊन पुन्हा लावलं. हिराबाई होत्या.