पाणी तेच, होकार कोणाचा?

५ जानेवारी १५२७. झुरिच शहरातून वाहणाऱ्या लिमाट नदीत एक होडी थांबली. होडीत फेलिक्स मान्झ होता. वय साधारण तिशीचं, हिब्रूचा जाणकार, हात बांधलेले. भर हिवाळ्यात त्याला नदीत ढकलून बुडवून मारण्यात आलं. त्याचा गुन्हा एवढाच, की तो मोठ्या माणसांना बाप्तिस्मा देत होता. शिक्षा देणारे कोणी परधर्मी नव्हते. तेही ख्रिस्ती होते, पोपची सत्ता झुगारून धर्मसुधारणा करायला निघालेले होते. मग पाण्याच्या एका विधीवरून माणसाचा जीव घेण्याइतकं काय बिनसलं होतं?

त्यासाठी थेट यार्देन नदीच्या काठावर जावं लागतं.

‘बाप्तिस्मा’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला. मूळ क्रियापदाचा अर्थ अगदी घरगुती आहे: बुडवणं, बुचकळणं. धर्माचा त्यात काही संबंध नाही. पाण्याने शुद्ध होण्याची कल्पनाही ख्रिस्ती लोकांनी शोधलेली नाही. ज्यू धर्मशास्त्रात अशुद्धी झाल्यावर स्नानाचे सविस्तर नियम आहेत. जेरुसलेमच्या आसपास खडकात खोदलेली, पायऱ्या असलेली स्नानकुंडं पुरातत्त्वज्ञांना मोठ्या संख्येने सापडली आहेत. मृत समुद्राजवळच्या कुमरानलाही ती आहेत. जुन्या करारात नामान नावाच्या कुष्ठरोगी सेनापतीची गोष्ट येते. अलीशा संदेष्टा त्याला यार्देनेत सात वेळा बुडी मारायला सांगतो. ‘आमच्या दमास्कसच्या नद्या काय वाईट आहेत?’ म्हणून तो आधी चिडतो. मग बुडी मारतो आणि बरा होतो.

पण या स्नानांत दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. माणूस स्वतःच बुडी मारे, आणि गरज पडेल तितक्या वेळा मारे. पहिल्या शतकात, साधारण इसवी सन २८-२९च्या सुमारास, यार्देनेकाठी योहान नावाचा संदेष्टा उभा राहिला आणि त्याने ही रीत बदलली. तो लोकांना स्वतः पाण्यात बुडवू लागला. ‘बाप्तिस्मा करणारा’ हे त्याचं टोपणनाव त्यातूनच आलं. त्याचं म्हणणं होतं, की पश्चात्ताप करा, आयुष्य बदला आणि मग पाण्यात या. योसेफस हा ज्यू इतिहासकारही योहानाबद्दल लिहितो. त्याच्या मते या स्नानाने पाप धुतलं जात नसे. सदाचरणाने मन आधीच शुद्ध झालेलं असायचं, पाणी फक्त शरीरासाठी. मार्काचं शुभवर्तमान मात्र याच बाप्तिस्म्याला पापांच्या क्षमेशी जोडतं. पाणी काही घडवतं, की घडलेल्या गोष्टीची खूण असतं? हा वाद इतका जुना आहे.

योहानाकडे आलेल्यांत नाझरेथचा येशूही होता. पुढच्या अनुयायांना हे थोडं अवघड गेलेलं दिसतं. ज्याला आपण निष्पाप मानतो, तो पश्चात्तापाचं स्नान कशाला घेईल? मार्क प्रसंग सरळ सांगून मोकळा होतो. मत्तयात योहान आधी नकार देतो आणि मग येशूच्या आग्रहाने तयार होतो. चौथ्या शुभवर्तमानात तर प्रत्यक्ष बाप्तिस्म्याचं वर्णनच नाही. अनेक अभ्यासक म्हणतात, की ही घटना खरी असली पाहिजे, कारण इतकी अडचणीची गोष्ट मुद्दाम कोणी रचत नाही.

येशूनंतर या विधीला नवा अर्थ मिळाला. पौलाने रोमकरांना लिहिलं, की पाण्यात जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरून पुरलं जाणं आणि वर येणं म्हणजे नवं जगणं. गलतीकरांना त्याने लिहिलं, की बाप्तिस्म्यानंतर ज्यू-ग्रीक, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हा भेद उरत नाही. गुलामगिरीवर चालणाऱ्या समाजात हे वाक्य साधं नव्हतं.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात बाप्तिस्म्याचे बरेच प्रसंग आहेत. इथिओपियाचा एक अधिकारी वाटेत पाणी दिसताच रथ थांबवतो आणि विचारतो, आता मला काय अडचण आहे? फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी मध्यरात्री आपल्या सगळ्या घरच्यांसह बाप्तिस्मा घेतो. त्या ‘घरच्यां’मध्ये तान्ही मुलं होती का? पुस्तक सांगत नाही. पुढच्या दीड हजार वर्षांचा वाद याच मोकळ्या जागेत वाढला.

सुरुवातीच्या मंडळ्या पाण्याबाबत मात्र बऱ्यापैकी लवचिक होत्या. ‘दिदाखे’ ही फार जुनी नियमपुस्तिका म्हणते, की वाहतं पाणी उत्तम. ते नसेल तर दुसरं चालेल, थंड नसेल तर कोमट चालेल, आणि पुरेसं पाणीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. सीरियात युफ्रेटिसकाठी दुरा-युरोपोस इथे १९३०च्या दशकात तिसऱ्या शतकातलं एक साधं घर सापडलं. त्यातल्या एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड आहे. भिंतींवर मेंढपाळाचं आणि पाण्यावरून चालणाऱ्या येशूचं चित्र होतं.

माणसांची भीती मात्र दोन उलट दिशांनी काम करत होती. बाप्तिस्म्याने आधीची पापं जातात, मग नंतरच्या पापांचं काय? म्हणून कित्येक जण तो लांबवत. सम्राट कॉन्स्टंटाईनने ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला. त्याआधी, २००च्या सुमारास, कार्थेजच्या टर्टुलियनने लहान मुलांना घाई करू नका असं लिहिलं. म्हणजे कोणीतरी तशी घाई करत होतंच. पुढे ऑगस्टीनने मांडलं, की माणूस आदामाचं पाप घेऊनच जन्मतो. ज्या काळात तान्ही मुलं सहज दगावत, त्या काळात हे ऐकणाऱ्या आईबापांनी थांबायचं कसं? तान्ह्यांचा बाप्तिस्मा हीच रीत झाली. बाळ जगेलसं वाटत नसेल तर सुईणीलाही बाप्तिस्मा देण्याची मुभा होती.

मग राजसत्ता आली. शार्लमेनने आठव्या शतकाच्या शेवटी जिंकलेल्या सॅक्सन लोकांसाठी कायदा केला: बाप्तिस्मा नाकारला तर मृत्युदंड. त्याच्याच दरबारातल्या अल्क्विन या विद्वानाने हरकत घेतली. माणसाला पाण्यापर्यंत ढकलता येतं, श्रद्धेपर्यंत नाही, असा त्याचा मुद्दा होता.

झुरिचमधल्या तरुणांचा मुद्दा याच्या जवळचा होता. बायबलमध्ये आधी विश्वास आणि मग बाप्तिस्मा दिसतो, तर बोलताही न येणाऱ्या बाळाचा विश्वास कुठून आणायचा? २१ जानेवारी १५२५ला त्यांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. नगर परिषदेला हे धर्मापुरतं वाटलं नाही. शहरात जन्मलेलं प्रत्येक मूल चर्चचं आणि म्हणून शहराचं, यावर सगळी व्यवस्था उभी होती. चर्चमध्ये यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं म्हटलं, तर उद्या शहर कोणाचं? १५२६ मध्ये परिषदेने पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्यांना बुडवून मारण्याची शिक्षा ठरवली. १५२९ मध्ये स्पायरच्या सभेने साऱ्या जर्मन साम्राज्यात त्यांना मृत्युदंड लागू केला. लिमाटच्या काठावर मान्झच्या नावाचा फलक लागायला आणि झुरिचच्या चर्चने चूक मान्य करायला २००४ साल उजाडलं.

हा प्रश्न आपल्याकडेही आला. मराठीचं व्याकरण छापणारे विल्यम केरी प्रौढांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या बॅप्टिस्ट पंथाचे. २८ डिसेंबर १८००ला त्यांनी श्रीरामपूरला हुगळी नदीत कृष्ण पाल या सुताराला बाप्तिस्मा दिला. त्याच दिवशी पाण्यात उतरला त्यांचा स्वतःचा मुलगा फेलिक्स. मिशनऱ्याच्या घरात वाढला, तरी त्याला स्वतः ‘हो’ म्हणेपर्यंत थांबावं लागलं होतं.

२९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडमधल्या वाँटेजला पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात गदारोळ झाला, तिकडे चर्चच्या लोकांना वाटलं की आता बाई आपलं ऐकतील. रमाबाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. आपण ख्रिस्ताला होकार दिला आहे, धर्मगुरूंच्या प्रत्येक शब्दाला नाही, हे त्या पत्रांतून पुनःपुन्हा सांगत राहिल्या. वाद चर्चच्या सिद्धांतांपर्यंत गेला, तरी आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांनी कोणाकडे गहाण टाकली नाही.

त्याच दिवशी, त्याच ठिकाणी त्यांच्या मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. ती अडीच वर्षांची होती. आई स्वतःच्या निर्णयाने पाण्याजवळ गेली, आणि लेकीसाठीचा निर्णयही आईनेच घेतला.