लॉरीचे साल

जुन्या मोटारकारचे साल बहुधा तिच्या कागदावर आणि अंगावर सारखेच सापडते. लॉरीचे तसे नसते. ती पोटासाठी राबलेली असते. जे मोडले ते बदलले, जे मिळाले ते बसवले. म्हणून तिच्या अंगावर एक साल नसते, थर असतात.

आनेकल तालुक्यात अत्तिबेलेच्या अलीकडे, होसूर रस्त्यालगतच्या एका गॅरेजच्या आवारात अशी एक फार्गो उभी आहे. तिच्यावर जिगणीच्या दगडाच्या खेपा झाल्या आहेत. नोंदणीचे पुस्तक हरवले आहे. कंपनीच्या पट्टीवर प्रीमियर ऑटोमोबाईल्स, बॉम्बे असे आहे. त्यामुळे गाडी ‘तुमच्याकडची’ ठरवून मालकांनी साल काढायचे काम मराठी माणूस म्हणून माझ्यावर सोपवले.

नंबरपाटीची सुरुवात ‘एमवाय’ने होते. ही अक्षरे म्हैसूर राज्याच्या नावावरून आलेली. ‘केए’ १९८९ पासूनचे. एवढ्यावरून साल ठरत नाही. ‘फार्गो’ या नावावरूनही नाही. क्रायस्लर कंपनी एकच ट्रक डॉज आणि फार्गो अशा दोन नावांनी विकत असे, आणि प्रीमियरनेही तेच केले. केबिन तर मुळीच उपयोगाची नाही. आपल्याकडे कारखान्यातून पुष्कळदा बॉनेटपर्यंतचीच चासी बाहेर पडे. पुढची लाकडी केबिन आणि हौदा गावोगावचे बॉडीवाले बांधत. अमेरिकन डॉजच्या पुस्तकात १९५३ पर्यंत दुभंगलेली काच आणि १९५४ पासून अखंड वाकडी काच, असा ठसठशीत फरक आहे. सुताराने बांधलेल्या केबिनीपुढे तो काय कामाचा!

मग उरते लोखंड. बोल्टांना इंची पान्हे लागतात. टाटा-मर्सिडीजला मिलिमीटरचे लागले असते. मीटर मैलांचा आहे. मेट्रिक मापे कायद्याने १९५६ मध्ये आली आणि पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने रुजली, तेव्हा हा मीटर मूळचा असेल तर गाडी त्या आधीची किंवा त्याच सुमाराची. इंजिन सहा सिलिंडरचे पर्किन्स डिझेल, मद्रासच्या सिम्पसन कंपनीचे. पण चासीवर दुसऱ्या एका मांडणीची रिकामी भोके आहेत: मूळ इंजिन वेगळे होते, बहुधा पेट्रोलचे. काही सुट्या भागांवर परदेशी शिक्के आहेत, काहींवर देशी. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर आयात भागांची नुसती जुळणी करणाऱ्यांना इथे थारा उरला नाही. १९२८ पासून मुंबईत गाड्या जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली ती हळूहळू भाग इथे करू लागली म्हणून. हे सारे जुळवून मी चासीला पन्नाशीच्या दशकाचा पूर्वार्ध दिला, इंजिनाला त्यानंतरचा काळ, केबिनीला त्याहूनही अलीकडचा.

या लॉरीच्या जन्माची आणखी एक बाजू आहे, ती आनेकलच्या लोकांना ठाऊक असायला हवी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी आणि सर विश्वेश्वरय्यांनी मोटारीच्या कारखान्याचा ध्यास घेतला होता, तेव्हा त्यांची नजर बंगळूरवर होती. म्हैसूर संस्थान मदतीला तयार होते. इंग्रज सरकारने युद्धकाळात ते जमू दिले नाही. डिसेंबर १९४० मध्ये वालचंदांनी संस्थानाच्या भागीदारीत बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट मात्र उभारली. मोटारींसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स निघाली, तिचा कारखाना कुर्ल्याला झाला आणि १९४७ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. बंगळुरात व्हायची होती ती लॉरी मुंबईत झाली, आणि मग भाड्याच्या फेऱ्या मारायला बंगळूरकडेच आली.

आता प्रश्न तिच्या पुढच्या दिवसांचा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्यांत ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी येतात, त्याही मूळ रूपात राखलेल्या. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. मालवाहू गाडी त्या व्याख्येत बसतच नाही, आणि बसली असती तरी इंजिनापाशी अडली असती. श्रीमंताची कार गॅरेजात झाकून राहिली म्हणून वारसा ठरते. जिने शहर बांधायला दगड वाहिला, ती भंगाराच्या वजनाने मोजली जाते.

मूळ रूप हीच एकमेव कसोटी धरली तर देशातल्या एकाही जुन्या लॉरीचा इतिहास लिहिता येणार नाही. तिच्या बाबतीत बदल हाच पुरावा आहे. पेट्रोलच्या जागी डिझेल कधी आले, परदेशी भागाच्या जागी देशी कधी बसला, हे तिच्याइतके स्पष्ट कुठली फाईल सांगणार? म्हणून अशी गाडी तोडायला देण्याआधी निदान चासीचा नंबर, इंजिनाची पट्टी आणि त्या रिकाम्या भोकांचे फोटो काढून ठेवावेत. भंगारवाला लोखंडाचे पैसे देतो. साल त्याच्या तराजूत येत नाही.